राक्षसाचं तोंड

"राक्षसाचं तोंड वर पाहिजे," हैबतराव पाटील म्हणाले आणि चहाची बशी त्यांनी ओट्यावर आपटल्यासारखी ठेवली.

"वर न्हाई होणार," मामंजी म्हणाले.

"का न्हाई?"

"आमच्या घरात होत न्हाई."

मी दाराच्या आत उभी होते. मामंजी म्हणजे माझे सासरे, तातोबा पाथरवट. पंचक्रोशीत देवी घडवावी तर त्यांनीच. पण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, माणूस दिसायचा तो नुसती सावली. टाकी-हातोडा त्यांनी माझ्या नवऱ्याच्या हातात दिला होता. हुकूम मात्र दिला नव्हता, तो स्वतःकडंच ठेवला होता. सासूबाई जाऊन वर्ष होत आलं होतं, त्यामुळं घरात बाईमाणूस म्हणाल तर मी एकटीच. आता माझे दात गेलेत, जीभ तेवढी शाबूत आहे. तेव्हा दोन्ही होतं.

"तातोबा, तुमच्या देव्या मी बघितल्यात," पाटील म्हणाले. "देवी अशी, की हात आपसूक जोडावेत. पण राक्षस कसला तुमचा? बघावं तिथं पालथा! देवीनं कुणा दारुड्याला बाजारात गाठलाय, असं वाटतं."

मला हसू आलं. मामंजींनी मान माझ्याकडं फिरवली. डोळे गेले होते, कान गेले नव्हते.

"आमची रीत तुम्हाला ठावं न्हाई का?" पाटील पुढं बोलले. "खंडेनवमीला आमच्या आंबेखिंडीत घरटी एक मूठ राख निघती. चुलीतली. ती राक्षसाच्या तोंडावर मारायची आणि बोंब ठोकायची. पोरंबाळं वर्षभर वाट बघत्यात. जुन्या मूर्तीला राख मारून मारून तोंडच उरलं न्हाई, वर तडा गेला, म्हणून तर नवी. आता ह्यो बी पालथा घातला, तर पोरांनी राख मारायची कुठं? पाठीवर?"

"पाठीवर मारा."

"तोंडावर मारायची असती!" पाटलांनी आता माझ्या नवऱ्याकडं बघितलं. "सुबराव, तू बोल. शिंगं पाहिजेत, सुळे पाहिजेत, जीभ बाहेर पाहिजे. पोरगं बघून चळाचळा कापलं पाहिजे. जमतंय का? न्हाईतर दगड परत न्यायला गाडी पाठवतो. कारागीर काय तुम्हीच न्हाई."

काळा दगड जांभळीच्या सावलीत आडवा पडला होता. पाटलांनी खाणीवरून तो आठ बैल जोडून आणवला होता. आमच्या ह्यांची ती पहिली देवी. आजवर बापाच्या हाताखाली नंदी, दीपमाळा, पायऱ्या एवढंच केलेलं. गेले काही दिवस हे उठल्या उठल्या त्या दगडावर हात फिरवत बसायचे, जनावर विकत आणल्यासारखे.

"वर करतो," हे म्हणाले.

मामंजी उठून उभे राहिले. "सुबऱ्या, त्याचं तोंड वर केलंस, तर ह्या घरातली भाकरी तुला न्हाई."

"कारण सांगा."

"कारण न्हाई."

पाटील शहाणे. धोतराचा सोगा सावरून ते निघाले. "बाप-लेकाचं तुमचं तुम्ही बघा. वहिनी, तुम्ही बी ध्यानात ठेवा, नव्या मूर्तीला पहिली मूठ घडवणाऱ्याच्या चुलीची असती. त्याच्या घरच्या बाईनं टाकायची. पहिली मूठ पडली न्हाई तर गाव मूर्ती घेत न्हाई."

"कुणी टाकलेली बघितलीय का तुमच्याकडं?" मी दारातून विचारलं.

"बघणार कोण? मागची मूर्ती माझ्या पणज्याच्या वेळची."

"मग कसं ठावं?"

"रीत हाय," पाटील म्हणाले आणि गेले.

मामंजी काठी घेऊन शेताकडं चालू लागले. राग आला की ते बांधावरच्या म्हसोबापाशी जाऊन बसायचे. म्हसोबा हा आमचा कुळाचा देव. निंबाखाली शेंदूर लावलेला एक गोटा. पौषात त्याला मी पुरणपोळीचा नैवेद्य करायची, घुगऱ्या वाटायची. डोळे गेले तरी ती वाट मामंजींना पाठ होती.

मला एखादी गोष्ट कळली नाही की अन्न गोड लागत नाही. रात्री त्यांना ताट वाढलं आणि समोर बसले.

"मामंजी, राक्षसाचं तोंड वर केलं तर काय होतं?"

"तू भाकरी थाप."

"थापतेच आहे. थापता थापता विचारते."

"बायकांनी विचारू नये."

"ह्यांना सांगितलंय का?"

"न्हाई."

"मग बायका-पुरुष कशाला मधे आणता? कुणालाच सांगत न्हाई म्हणा."

मामंजींनी भाकरी मोडली. ह्यांच्या भाकरीचं म्हणाल, तर मी तिथल्या तिथं सांगून टाकलं, की भाकरी भाजते मी, तेव्हा ती कुणाला मिळणार नाही हे चुलीला विचारल्याशिवाय ठरवू नका.

दुसऱ्या दिवशी दगडावर टाकी पडली. आमच्यात काम वरून खाली येतं. आधी देवीचा मुकुट, मग तोंड, मग हात, आणि राक्षस सगळ्यांत शेवटी. म्हणजे भांडणाला अजून अवकाश होता. बाप खाटेवर बसून आवाज ऐकायचा, लेक ठोकायचा, आणि दोघं एकमेकांशी माझ्या तोंडून बोलायचे. "हौसा, त्याला सांग, कानाशी बारीक टाकी घे." "हौसा, त्यांना सांग, घेतलीय." मी काय सांगणार? दोघं एकमेकांपासून हातभर अंतरावर.

माझ्या डोक्यात मात्र तो पालथा राक्षस घर करून बसला. दुसऱ्यांच्या हातचे राक्षस मी बघितले होते. जत्रेच्या गावी एक होता, त्याची जीभ छातीपर्यंत. एकाला तर रंग दिलेला, हिरवा, आणि डोळे असे वटारलेले, की राक्षस कमी आणि हगवण लागलेला जास्त दिसायचा. आमच्या घरातले राक्षस तसे नव्हते. देवीचा पाय पाठीवर, त्रिशूळ खांद्यात, पण ह्याचं तोंड जमिनीत. एक हात कपाळाखाली घेतलेला. दुपारचा माणूस झाडाखाली पडतो ना, तसा. आजवर मला ह्यात काही वावगं वाटलं नव्हतं. पाटलांनी बोट दाखवलं आणि मला तेच दिसायला लागलं.

मामंजींच्या हातची एक देवी माझ्या माहेरी होती, ढोकवाडीला. पोरवयापासून तिच्या पाया पडले होते मी. भाचीचं बारसं निघालं, ते निमित्त करून गेले. बारशाला आधी नाही गेले, आधी देवळात गेले.

देवळात वासू गुरव समई पुसत बसला होता. साठीचा असेल, बोडक्या तोंडाचा, आमच्या लहानपणापासून तसाच.

"हौसाक्का! कवा आलीस?"

"आत्ता. वासूमामा, समई लावा. मला लोटांगण घालायचंय."

"बाईमाणसानं लोटांगण घालायचं नसतं गं. गुडघं टेक, डोकं टेक, झालं."

"सासऱ्याचा नवस हाय. त्यांना दिसत न्हाई, त्यांच्या वतीनं मी घालते."

"कसला नवस?"

"तुमच्या लग्नाचा," मी म्हणाले. गुरवाचं लग्न झालं नव्हतं. तो समई लावून गप बसला.

मी गाभाऱ्यात पालथी पडले. फरशी गार होती, तेलाचा आणि जुन्या फुलांचा वास. गाल जमिनीला लावला आणि समई हातानं सरकवून राक्षसाच्या डोक्याजवळ घेतली. तेव्हा मला कळलं, की एवढ्या वर्षांत हे कुणाला का दिसलं नाही. पुरुष लोटांगण घालतात ते डोळे मिटून. बायका डोळे उघडे ठेवतात, पण लोटांगण घालत नाहीत.

कपाळाखाली हात घेतल्यामुळं डोकं आणि फरशीच्या मधे वीतभर पोकळी होती. त्या पोकळीत तोंड होतं.

सुळे नाहीत, जीभ नाही. माणसाचं तोंड. मिशा, गालाचं हाड, ओठ मिटलेले. देवीच्या तोंडावर जेवढी मेहनत, तेवढीच ह्याच्यावर, केसभर कमी नाही. जिथं कुणाची नजर पोचणार नाही तिथं दगड आरशासारखा घोटलेला. आणि डोळे. डोळ्यांना बुबुळं होती.

हे मला सांगितलंच पाहिजे. पाथरवटाच्या घरात डोळा दोन तऱ्हेचा. सिंह असो, रेडा असो, राक्षस असो, त्याला डोळ्याचा नुसता फुगवटा काढायचा, गुळगुळीत सोडायचा. बुबुळ फक्त देवाला. ते सगळ्यांत शेवटी, उपास करून, अंघोळ करून, मूर्तीसमोर आरसा धरून उघडायचं. बुबुळ कोरलं की तो दगड राहत नाही. आमच्या घरात नंदीलासुद्धा बुबुळ नसतं. आणि इथं राक्षसाला होतं. तो जमिनीकडं नव्हता बघत. मी गाल टेकला होता, तर तो माझ्याकडं बघत होता.

"हौसाक्का, ऊठ की गं," वासू गुरव म्हणाला. "मला नैवेद्य दाखवायचाय."

"दाखवा की. मी काय खाते व्हय?"

पण उठताना समई जागेवर ठेवायची राहिली.

बारशात मी घुगऱ्या खाल्ल्या, पाळणा म्हटला, पोरीचं नाव काय ठेवलं ते आजही आठवत नाही. दुसऱ्या दिवशी घरी आले. मामंजी खाटेवर सुपारी कातरत होते. हे नदीवर गेले होते.

"ढोकवाडीच्या देवीखालच्याला बुबुळं आहेत," मी म्हणाले.

अडकित्ता थांबला.

"कुणी सांगितलं?"

"मी बघितली."

"कशी?"

"पडून."

मामंजींनी अडकित्ता खाली ठेवला. मग म्हणाले, "माझ्या बायकोला अखेरपर्यंत दिसली न्हाईत."

"त्यांचा स्वभाव गरीब होता."

"व्हय. तुझा न्हाई." त्यांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं, चावलं नाही. "हौसा, आपल्या कुळाचा देव कोण?"

"म्हसोबा."

"म्हसोबा म्हंजे कोण?"

"म्हंजे... म्हसोबा. बांधावरचा. रेड्यांचा, गुरांचा राखणदार."

"आणि देवीनं मारला त्यो कोण?"

"म्हैसासुर," मी म्हणाले, आणि पुढं जीभ उचलेना. माझी जीभ थांबली की मामंजींना एरवी बरं वाटायचं. त्या दिवशी वाटलं नसावं.

"त्योच," मामंजी म्हणाले. "लोक त्याला राक्षस म्हणत्यात. आमची माणसं त्याला बाप म्हणत आली. आता आईनं मारला तर मारण्याजोगं काही केलं असंल, तिच्यापुढं आपण बोलणारं कोण? पण आपली भाकरी तिच्या मूर्तीची. ती घडवायची म्हंजे त्याला पायाखाली घालावाच लागतो. माझ्या आज्यानं ह्यो मार्ग काढला. पालथा घालायचा. लोकं राख टाकू देत, थुंकू देत, लाथा घालू देत, सगळं पाठीवर. आणि खाली, कुणाला दिसणार न्हाई असं, त्याचं तोंड करायचं. डोळं उघडायचं. म्हंजे त्याला कळावं, की बाबा, आम्ही तुला वळखतो."

मी खाली बसले होते ते उठायचं विसरले.

"मग ह्यांना का न्हाई सांगितलं?"

"मला बापानं सांगितलं, त्यापुढं वर्षभर पायाशी टाकी लावली की माझा हात कापायचा. सुबऱ्याची पहिली देवी हाय. एवढी पार पडू दे. तू बी त्याला सांगायचं न्हाई."

"बरं," मी म्हणाले.

हे नदीवरून आले. पाय धुवायला पाणी दिलं आणि त्या पाण्याबरोबर सगळं सांगून टाकलं. माझ्या पोटात तीळ भिजत नाही, त्याला मी काय करू? आणि नवरा-बायकोत कसली चोरी?

हे एका पायावर उभे राहून ऐकत राहिले. मग तसेच ओल्या पायानं दगडापाशी गेले. देवी पोटरीपर्यंत उतरली होती. तिच्या पायाखालचा दगड अजून नुसता दगड होता.

"मग तर वरच करतो," हे म्हणाले.

"अवं! एवढं सांगितलं ते कशापायी?"

"म्हणूनच. आपला हाय म्हणतीस. मग आपण त्याला पिढ्यान् पिढ्या माती बघायला लावलीय. मेला तवा त्यानं वर बघितलं नसंल? आई समोर उभी, आणि ह्यो खाली बघंल?" त्यांनी दगडावर हात ठेवला. "एकदा माणसांकडं बघू दे त्याला."

"आणि राख?"

आमच्या ह्यांचं असंच. उत्तर नसलं की टाकी उचलायची.

मामंजींना सांगावं लागलं नाही. टाकीच्या आवाजावरून त्यांना कळायचं, की धार खाली चाललीय की वर. एका सकाळी ते खाटेवर ताठ झाले, ऐकत राहिले, मग वळकटी काखोटीला मारून बांधावरच्या खोपीत राहायला गेले. घरची भाकरी लेकाला मिळणार नाही म्हणाले होते, शेवटी ती त्यांनी स्वतःच सोडली. म्हसोबाच्या गोट्यासमोर तीन दगडांची चूल मांडली आणि आंधळेपणी काहीतरी करपवून खायला लागले.

मी पिठलं-भाकरी बांधून नेली.

"ने माघारी," मामंजी म्हणाले. "माझा राग तुझ्यावर न्हाई."

"मग पिठल्यावर काढू नका."

त्यांनी गाठोड्याला हात लावला नाही. निंबाचा पाला गळत होता, तो गोट्यावरून ते चाचपून चाचपून काढत होते. "सुबऱ्यानं केलं ते केलं. त्याचा हात, त्याचं पाप. पण हौसा, पहिली मूठ तुझी हाय. ज्याला वर्साला पुरण घालतीस, त्याच्या उघड्या डोळ्यांत तू राख टाकणार?"

"न्हाई टाकली तर?"

"तर मूर्ती माघारी. माघारी आलेल्या मूर्तीच्या कारागिराला पुन्ना कोण दगड देतो? सुबऱ्या जन्मभर पाटे-वरवंटे टाकीत गावोगाव हिंडंल."

"आणि टाकली तर?"

"तर तू आमच्या घरची न्हाईस. मी काय हाकलणार न्हाई. तुझं तुलाच कळंल."

गाठोडं तिथंच ठेवून मी घरी आले.

डोळे उघडायच्या दिवशी आम्ही दोघांनी उपास धरला. देवीचे डोळे उघडताना आरसा मीच धरला होता. मग हे म्हणाले, "आता खाली धर."

मी मांडी घालून बसले आणि आरसा राक्षसासमोर धरला. ह्यांनी त्याला शिंगं दिली होती, पाटलांनी सांगितल्याप्रमाणं. मिशा दिल्या होत्या. सुळे नव्हते, जीभ नव्हती. टाकीचे बारीक ठोके पडले आणि बुबुळ उघडलं. तो देवीकडं बघत नव्हता. रागानंही बघत नव्हता. जेवायला बसलेल्या माणसानं दारात कोण आलं म्हणून मान वर करावी, तसं बघत होता.

"हात कापला का वो?" मी विचारलं.

"कापला," हे म्हणाले. "म्हणून डावा डोळा जरा मोठा झालाय."

पाटील मूर्ती न्यायला आले. देवीपुढं हात जोडले, मग वाकून खाली बघितलं. "सुळं कुठं हायेत?"

"राखेनं बुजतील, म्हणून काढले न्हाईत," हे म्हणाले. एवढं खोटं मी त्यांना पहिल्यांदाच बोलताना ऐकलं आणि मनातून बरं वाटलं, की माझ्या संगतीत काहीतरी शिकले.

"असू दे. तोंड वर हाय न्हवं? झालं."

घटस्थापनेला देवी बसली. खंडेनवमीला आम्हाला बोलावणं. सकाळी मी चुलीतली राख काढली, चाळणीनं चाळली. का चाळली ते सांगता येणार नाही. त्यात निखाऱ्याचा खडा राहू नये असं वाटलं. केळीच्या पानात बांधली आणि गाडीत बसले. गाडी बांधापाशी आली तर मामंजी काठी धरून रस्त्यात उभे. धुतलेला फेटा, धुतलेलं धोतर. कुणाशी बोलले नाहीत. चाचपत गाडीत चढले आणि माझ्याकडं पाठ करून बसले.

आंबेखिंडीत हलगी वाजत होती. देवळासमोर ही गर्दी. पोरं आतापासूनच तोंडावर हात मारून बोंबलायचा सराव करत होती. बायकांची रांग लागली होती, कुणाच्या ओंजळीत राख, कुणाच्या परातीत, एकीनं तर घमेलंच भरून आणलं होतं. मामंजी देवळाच्या पायरीवर बसले. आत आले नाहीत. हे खांबाला टेकून उभे राहिले, चेहरा राखेसारखाच.

"चला वहिनी," पाटील म्हणाले. "पहिली मूठ."

मी पुढं झाले. रांगेत माझ्या मागं पाटलांची आई उभी होती, आवडाई. ऐंशीची बाई, कमरेत वाकलेली, काठीशिवाय उभी राहणार नाही, पण राखेसाठी आली होती.

पान सोडलं. राख मुठीत घेतली. हलगी थांबली. मला सगळं गाव पाठीवर जाणवत होतं, आणि समोर तो, मान वर करून, कोण आलंय ते बघत. डावा डोळा जरा मोठा. खरं सांगते, तोपर्यंत मी काहीच ठरवलं नव्हतं. हात वर गेला. वर गेला तो मारायलाच गेला. आणि तिथंच थांबला.

मग मूठ आपोआप उघडली. अंगठा राखेत बुडाला आणि मी ती राख त्याच्या कपाळाला लावली. पोर तापलं की आपण अंगारा लावतो ना, भुवयांच्या मधून वर, तशी. उरलेली राख त्याच्यापुढं फरशीवर ठेवली आणि बाजूला झाले.

पाटील दोन पावलं पुढं आले.

"वहिनी, टाका की!" पाटील म्हणाले.

"टाकली."

"ही टाकली व्हय? ही तर लावली!"

"पाटील," मी म्हणाले, आणि तेव्हा कुठं माझी जीभ जागेवर आली, "मूर्ती कुणी घडवली?"

"तुमच्या माणसानं."

"पहिली मूठ कुणाच्या घरची?"

"तुमच्या."

"मग ती कशी टाकायची ते तुम्ही मला शिकवणार? तुमच्यातल्या एकानं तरी बघितलीय का? ज्यानं बघितलीय त्यानं पुढं यावं आणि मला करून दाखवावं."

कोण पुढं येणार? बघणाऱ्यांची हाडंसुद्धा उरली नव्हती. पाटील माझ्याकडं बघत राहिले, मग गुरवाकडं बघितलं. गुरवानं घंटेकडं बघितलं.

"हैबत, गप की रं," आवडाई मागून खेकसली. "नव्या मूर्तीला असंच असंल. बाई घरंदाज हाय, तिला ठावं न्हाई तर काय तुला ठावं?" ती काठी टेकत पुढं आली. जवळून त्याच्याकडं बघितलं. राख हातात घेऊन तिनं किती वेळ बघितलं कोण जाणे. मग तिनंही अंगठा बुडवला आणि माझ्या बोटाच्या रेघेवर आपलं बोट ओढलं.

पुढं काय सांगायचं? रांगेचं असं असतं, पुढची जे करते तेच मागची करते. तिसरीनं लावली, चौथीनं लावली. घमेलंवालीनं घमेलं खाली ठेवलं, चिमूट घेतली. कपाळाला बोट लावता लावता बोंब ठोकायला कुणाला जमेना. पोरं तोंडावर हात ठेवून तशीच उभी. थोड्या वेळानं त्याचं कपाळ महादेवासारखं पांढरं झालं. अजूनही आंबेखिंडीत राख लावतात, टाकत नाहीत. विचारलं तर सांगतात, पूर्वापार आहे.

मी बाहेर आले. मामंजी पायरीवर काठीवर हनुवटी ठेवून बसले होते.

"बोंब का न्हाई?" त्यांनी विचारलं. "हौसा, टाकली न्हाईस? मूर्ती माघारी?"

"आत या."

"काय झालं ते सांग."

"सांगत न्हाई. आत या."

मी त्यांचा हात धरला. माझ्या हाताला अजून राख होती. बायका बाजूला झाल्या. मी त्यांना त्याच्यापुढं खाली बसवलं आणि त्यांचा हात उचलून कपाळावर ठेवला.

बोटं राखेत रुतली. मामंजींनी ती तशीच ठेवली. मग चिमटीत राख घेऊन चोळून बघितली, वास घेतला, पुन्हा कपाळाला हात लावला. लावलेली राख आणि मारलेली राख त्यांच्या बोटांना वेगळी कळली असणार. दगडाचा माणूस तो. आता त्यांचा अंगठा खाली आला, भुवईवरून, पापणीवरून. उघडलेल्या बुबुळावर थांबला. दुसऱ्यावर गेला. मग गाल, मिशा, मिटलेले ओठ. कुठं घाई नाही. गुरव खोकला, पाटलांनी त्याला गप केलं. हे खांबापासून एक पाऊल पुढं आले आणि तिथंच थांबले.

शेवटी मामंजींनी त्याच्या नाकावर दोन बोटं ठेवली.

"सुबऱ्या."

"जी."

किती महिन्यांनी बापानं लेकाला थेट हाक मारली होती.

"नाक बसकं केलंस."

बाप रागावला की निवळला, ते ह्यांना कळेना. तेव्हा मीच बोलले.

"बसकं न्हाई मामंजी," मी म्हणाले. "आपल्या घरचं हाय."

मामंजींचा हात तिथून निघाला. तो त्यांनी स्वतःच्या नाकावर नेला, शेंड्यापासून मुळापर्यंत एकदा फिरवला, आणि सगळ्या आंबेखिंडीसमोर, देवीच्या पायाशी बसून, खदखदा हसले.